नूरीचा खुराक

२२ जून २०१८, शुक्रवार. ओला खजूर निवडते आहे.

सकाळी आठ वाजता मस्कतबाहेरच्या बरक्याहून माझ्या मैत्रिणीच्या, शमीमच्या दुकानाची गाडी आली आणि ड्रायव्हर दोन क्रेट दारात ठेवून गेला. नगाल जातीचा रुतब, म्हणजे हंगामाचा पहिला ओला खजूर, अर्धा पिवळा, अर्धा मधाच्या रंगाचा. हा थांबत नाही. आज हात लावला नाही तर उद्या त्याला आंबूस वास सुटतो. म्हणून जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून बसले. मऊ एका बाजूला, कडक दुसऱ्या बाजूला, फुटलेले कचऱ्यात. मऊ असेल त्याला नखाने चीर द्यायची, बी काढायची, डब्यात थर लावायचा, डबा फ्रीजरमध्ये. दर जूनमध्ये मी हे काम करते आणि एरवी मला ते आवडतं.

दुसऱ्या क्रेटमध्ये वर एक वेगळी पिशवी होती, गाठ मारलेली. आत निवडून घेतलेले, अगदी मऊ पंचवीसतीस खजूर. हे काय म्हणून शमीमला फोन केला.

"ते तुझ्यासाठी नाय गो," ती म्हणाली. "ते मैनेचे. उद्या दुपारचं विमान हाय आमचं. जाताना तिला तुझ्याकडं सोडू म्हटलं. ईदच्या गडबडीत सांगायचंच राहिलं."

"कसली मैना?"

"घेतली गो रमजानच्या आधी. तू आली नायस ना तेव्हापासून, तुला कसं ठाव असनार? नूरीसारखीच हाय. तशीच काळीभोर. आणि तुझा कागद जपून ठेवलाय हां मी. त्याच्यावरच चाललंय तिचं. खजूर, गूळ, नाचणी, लिंबू. एक दिवस चुकवला नाय. गिऱ्हाइकांतल्या चौघींनी फोटो काढून नेलाय तुझ्या कागदाचा."

मी म्हटलं, "बरं." मग म्हटलं, "सोड ना, ठेवीन मी." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून निवडते आहे. तीन खजूर बोटांतच चिरडले. मिलिंद, माझा नवरा, पलीकडे पेपर वाचत होता. तो म्हणाला, "खजुरावर कसला राग काढतेस?" राग कुणावर आहे हे मला नीट ठाऊक होतं.

मस्कतमध्ये जून म्हणजे चाव्यांचा महिना. आपल्या शाळांना सुट्टी लागते आणि मदिनत सुलतान काबूसमधली आमची इमारत आठवड्याभरात रिकामी होते. पुण्याचे पुण्याला, नागपूरचे नागपूरला. मागे राहते मी, कारण माझ्या प्रयोगशाळेत रजा सप्टेंबरमध्ये मिळते. म्हणून सगळ्यांच्या चाव्या माझ्या खुंटीवर. प्रत्येक चावीबरोबर चिठ्ठी. मनीप्लांटला दिवसाआड. माशांना चिमूटभर, जास्त नको. गॅलरीतल्या कढीलिंबावर पाणी शिंपडा, बोला त्याच्याशी. कढीलिंबाशी मी कधी बोललेले नाही, पण तो मेलाही नाही. गेली कित्येक वर्षं माझ्या हातचं काही मेलं नव्हतं आणि याचा मला गर्व होता. लोक म्हणायचे, सुजाताकडे द्या, तिचं काम चोख असतं.

२०१४ च्या जूनमध्ये खुंटीवर सात चाव्या होत्या आणि पिंजऱ्यात शमीमची मैना नूरी होती.

शमीम रत्नागिरीकडची, माझ्याच वयाची. तिच्या नवऱ्याचं, इब्राहिमभाईंचं बरक्यात किराणा दुकान आहे, वर घर. शुक्रवारी आम्ही बरक्याच्या बाजारात मासळी घ्यायला जायचो आणि परत येताना तिच्याकडे चहा, घावणे. दुकानात नाचणी मिळायची, कोकम मिळायचं, आणि अशी मराठी ऐकायला मिळायची, जिच्यात तक्रार आणि प्रेम एकाच सुरात असतं. माझी मुलगी घरात इंग्रजीत उत्तरं द्यायची, त्यामुळे मला त्या दुकानात जरा मोकळं वाटायचं. मैनेचा पिंजरा गल्ल्याच्या मागे टांगलेला असायचा. दाराची घंटी वाजली की ती शमीमच्या आवाजात विचारायची, "कोन हाय?" गिऱ्हाईक रेंगाळलं की इब्राहिमभाईंच्या आवाजात, "यल्ला, चला." गिऱ्हाइकं त्यासाठीच रेंगाळायची.

पिंजरा माझ्या हातात देताना इब्राहिमभाई म्हणाले, "मॅडम, सगळं खाते. फक्त एक ध्यानात ठेवा. संध्याकाळी बशीत दोन घोट चहा. सुलेमानी, बिनदुधाचा, साखर नको. त्याशिवाय झोपत नाय."

"भाई, पाखराला कसला चहा?"

"आता ती रत्नागिरीची झालीय. चहाबिगर कशी ऱ्हाईल?"

आम्ही सगळे हसलो. मी मनात त्याच वेळी ठरवलं की चहा बंद.

तो उन्हाळा असा होता. समुद्राकडून येणारी हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटायची. खिडकीच्या काचेवर सकाळी मिठाचा थर. एसीचं पाणी गॅलरीतल्या बादलीत टपटप पडायचं आणि रिकाम्या इमारतीत तो एकच आवाज असायचा. मग रमजान लागला, दिवसा दुकानं बंद, रस्ते ओस. पार्किंगमध्ये फक्त साळुंक्या. गाड्यांखाली सावलीत चालायच्या, पिवळ्या डोळ्यांनी बघायच्या, शवरम्याच्या कागदातलं उरलंसुरलं टोचायच्या. माणसं जातात तिथे मागोमाग जाणारा पक्षी तो. भात, कचरा, किडे, काहीही पचवतो आणि वाढतो.

नूरी त्यांच्याच कुळातली. दिसायला तशी मोठी साळुंकीच, पण अंगभर काळी, वर जांभळट-हिरवी झाक, पंखावर एक पांढरा पट्टा. डोळ्यांच्या मागून मानेपर्यंत पिवळ्या कातडीचे दोन पडदे लोंबायचे, जणू कुणी हळद लावलेलं फडकं चिकटवलंय. साळुंकी चालते. नूरीला चालता यायचं नाही, ती जमिनीवर ठेवली की तिरकी उड्या मारायची आणि गोंधळून थांबायची. झाडाच्या शेंड्यावर राहणाऱ्या पक्ष्याला जमिनीची गरज पडत नाही. एकदा मी पिंजरा साफ करताना दार उघडं राहिलं आणि ती दिवाणखान्यात उडाली. तिच्या पंखांचा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. घुर्रर्र असा, छोट्या मोटरसारखा. दोन फेऱ्या मारून ती पडद्याच्या दांडीवर बसली आणि धापा टाकू लागली. दोनच फेऱ्या. ही धाप मी पाहिली. पाहून ठरवलं, हिच्या अंगात रक्त नाही.

का ठरवलं, तेही सांगते. कारण त्या वर्षी माझ्याच अंगात रक्त नव्हतं. चाळिशी उलटल्यावर बायकांना जे होतं ते मला होत होतं, हिमोग्लोबिन साडेआठवर उतरलं होतं, जिना चढताना मीही अशीच धापा टाकायची. मग मी स्वतःला खुराक लावला होता. रात्री भिजवलेला खजूर. गूळ. नाचणीची पेज, आणि ती लोखंडी कढईतच शिजवायची. बीट. सगळ्यावर लिंबू, कारण लिंबाने लोह अंगी लागतं. आणि जेवणाच्या आगेमागे चहा बंद, कारण चहा लोह अडवतो. पाच महिन्यांत मी अकरावर आले. हा आपल्याकडच्या कुठल्याही आईला पाठ असलेला धडा आहे. वयात आलेल्या मुलीला, बाळंतिणीला, आजारी माणसाला, दिसेल त्याला आपण खजूर आणि गूळ भरवतो.

मी तो पाखराला भरवला.

अर्धवट काम मला जमत नाही. एक पांढरा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि वर लिहिलं, नूरीचा खुराक. सकाळी दोन भिजवलेले खजूर, बी काढून, बारीक चिरून. दुपारी नाचणीची पेज, लोखंडी कढईतली, गूळ घालून. चार वाजता किसलेलं बीट, लिंबू पिळून. चहा बंद. हे शेवटचं लाल शाईने, खाली दोन रेघा. कागदाचा फोटो काढून शमीमला रत्नागिरीला पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं. अल्ला तुझं भलं करो, माज्या पोरांना पन येवढं कुनी करनार नाय.

नूरीला खजूर आवडायचा. बीट नको असायचं. मग मी चिमट्यात धरून तिच्या चोचीसमोर न्यायची आणि म्हणायची, खा गप. रोज. मोठी झालेली मैना नवे शब्द फारसे शिकत नाही असं म्हणतात. ही तीन आठवड्यांत शिकली. सकाळी मी स्वयंपाकघरात आले की माझ्या आवाजात, माझ्याच घाईने म्हणायची, खा गप. मिलिंदला हसू आवरायचं नाही. "बघ, तू घरात किती प्रेमाने बोलतेस ते कळतंय."

चौथ्या आठवड्यात तिचं पोट फुगलं. मला वाटलं, अंगाला लागलं.

आता ज्या गोष्टीने मी आज चार वर्षांनीही खजूर चिरडते आहे ती सांगते. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. पाण्यात लोह किती, हे तपासणं माझं रोजचं काम आहे. पाण्याला रंग येण्याआधी, चव बदलण्याआधी, लोह किती झालं ते मी सांगू शकते. कुठलीही गोष्ट किती दिली आणि बाहेर किती पडली, उरलेली कुठे गेली, हा प्रश्न विचारायचाच मला पगार मिळतो. आणि घरी पाच आठवडे मी दीडपाव वजनाच्या जिवाला माणसाचा खुराक भरला आणि तो प्रश्न विचारला नाही. वैज्ञानिक दृष्टी वगैरे शब्द मी लोकांना ऐकवते. दरवाजावर लिंबूमिरची बांधणाऱ्यांना हसते. पण खजूर-गुळावर माझी श्रद्धा होती, आणि ती श्रद्धा आहे हे मला दिसलं नाही, कारण तिच्यावर मी पट्टीने रेघा मारल्या होत्या.

पशुवैद्य सुदानी होते, वयस्कर, हात मोठे आणि फार हलके. त्यांनी नूरीला एका मुठीत धरलं, दुसऱ्या हाताने पोटावरची पिसं फुंकून बाजूला केली. कातडीखाली पाणी दिसत होतं. सुईने त्यांनी ते थोडं काढलं. चहासारखा रंग होता.

"काय खाते?"

मी कागद बरोबर नेला होता. नेणारच. मराठीत होता, म्हणून एकेक ओळ त्यांना इंग्रजीत सांगत गेले. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"थांबा. आणि हा लाल अक्षरातला मजकूर?"

"मालक तिला चहा द्यायचे. मी बंद केला."

ते खुर्चीत बसले. मला वाटलं थकले असतील. मग त्यांनी अगदी सावकाश, माझ्याकडे न बघता सांगितलं. हा पक्षी फळांवर जगतो. अंजिराच्या जातीची रानफळं, जंगलाच्या शेंड्यावर. त्या फळांत लोह नसल्यासारखंच. म्हणून ह्याच्या आतड्याला एक सवय जडली आहे, लोहाचा कण दिसला की सोडायचा नाही, बाहेर टाकायचा नाही. जंगलात ते शहाणपण असतं. पिंजऱ्यात आलं की लोह यकृतात साठत जातं, साठत जातं, यकृत दगड होतं, पोटात पाणी होतं, श्वास अपुरा पडतो.

"म्हणजे धाप रक्त कमी म्हणून नव्हती," मी म्हटलं.

"उलट होतं. पूर्वीपासून साठत असणार. सुरुवात तुम्ही केलेली नाही, मॅडम."

"शेवट?"

त्यांनी खांदे उडवले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. ते म्हणाले, "शेवट तुम्ही जवळ आणलात. लिंबामुळे जास्त. आणि चहा चालू असता तर बरं झालं असतं. चहा लोहाला धरून ठेवतो, आत जाऊ देत नाही. काही ठिकाणी अशा पक्ष्यांना मुद्दाम देतात."

मला चहाचं माहीत होतं. माझ्या लोहाच्या गोळ्यांच्या डबीवरही तसंच छापलेलं होतं. दोन घोट सुलेमानीवर इब्राहिमभाईंनी तिला, न कळता, जगवत ठेवलं होतं, आणि मी कळून सवरून ते थांबवलं.

त्यांनी मानेमागचे पिवळे पडदे बोटाने उचलून पाहिले. ते जवळजवळ एकमेकांना टेकत होते. तुमच्याकडे भारतात असते त्या डोंगरी मैनेपेक्षा ही बरीच मोठी आहे, ते म्हणाले, बहुधा सुमात्राच्या पश्चिमेच्या समुद्रातल्या बेटांवरची. तिथे आता झाडांवर फारशा उरलेल्या नाहीत म्हणतात. झाडाच्या ढोलीतून पिल्लं काढून नेतात. बेट केवढंसं, झाडं किती, ढोल्या किती.

घरी येऊन मी जे मिळेल ते वाचलं. वाचून आणखी संतापले. ही जात रानात दुसऱ्या कुठल्या पक्ष्याची नक्कल करत नाही. फक्त शेजारच्या मैनांचे आवाज शिकते. एका डोंगराची बोली दुसऱ्या डोंगराला येत नाही, पण शेजाऱ्याचा शब्द शेजाऱ्याला पाठ असतो. पिंजऱ्यात पडली की शेजारी नाहीत, म्हणून माणसांचे आवाज उचलते. आपण त्याला हुशारी म्हणतो, व्हिडिओ काढतो. "कोन हाय?" ऐकून मीही पोट धरून हसले होते.

इथे कुणीतरी म्हणेल की आपणही परमुलखात पिंजऱ्यातच आहोत, आपणही दुसऱ्याची भाषा बोलतो. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकात दर वर्षी एक तरी असा लेख असतो. मला ही उपमा सहन होत नाही. माझ्याकडे रेसिडेंट कार्ड आहे, नोकरी आहे, सप्टेंबरचं तिकीट आहे. मी स्वतःच्या पायाने आले. मला कुणी ढोलीतून ओढून काढलं नाही, आणि जेवायला काय द्यायचं हे न सांगता विकलं नाही. मैनेच्या दुःखावर स्वतःचं दुःख चढवणं हीसुद्धा एक चोरीच आहे.

डॉक्टरांनी पपई, सफरचंद, टरबूज, मऊ भात सांगितला. लिंबू-संत्र्याला हात लावायचा नाही. संध्याकाळी बशीत चहा. पहिल्या दिवशी बशी पुढे केली तर ती एकदम सरसावली आणि मान उचलून उचलून प्यायली. मला पाहवेना म्हणून मी भांडी घासत बसले. सहाव्या दिवशी दुपारी तिने पपई सोडली. मी तुकडा चिमट्यात धरून पुढे केला. यावेळी मी काहीच म्हणाले नाही. तिनेच म्हटलं, खा गप.

संध्याकाळी ती दांडीवरून खाली बसली. सातच्या सुमाराला गेली. इमारतीच्या मागे कडुनिंबाखाली जमीन दगडासारखी होती, मिलिंदने गाडीतल्या जॅकच्या दांड्याने खड्डा केला. त्याच्या शर्टाची पाठ घामाने काळी झाली होती. माती लोटताना तो म्हणाला, "पाखरू होतं गं. तू काय मुद्दाम केलंस?" हे वाक्य मी पुढे अनेकांकडून ऐकलं. मुद्दाम केलं नाही म्हणून मेलेलं थोडं कमी मेलेलं असतं का, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

शमीम ईदनंतर परतली. मी बरक्याला गेले, रिकामा पिंजरा घेऊन. तिला म्हटलं, "पोटात पाणी झालं होतं. डॉक्टरकडे नेलं. उन्हाळाही फार होता." तिन्ही वाक्यं खरी होती. प्रयोगशाळेत मी असा अहवाल लिहिला तर मला घरी पाठवतील.

ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तिचं दानापानीच संपलं होतं गो. तू किती केलंस. तो कागद बघितला ना, तेव्हाच म्हटलं मी ह्यांना, सुजातासारखी मानूस नाय." मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात तिने घावण्याचं ताट पुढे सरकवलं आणि मी घावणं तोडलं.

त्यानंतर चार वर्षं, रमजान सोडला तर, दर शुक्रवारी मी त्या दुकानात बसते आहे. कागद तिने प्लास्टिकच्या पाकिटात घालून गल्ल्यामागच्या खिळ्याला टांगला, जिथे पिंजरा असायचा. मला वाटायचं आठवण म्हणून टांगलाय. मी त्याच्याकडे पाठ करून बसायची. त्याच्यावरून कुणी पक्षी पोसेल हे डोक्यात आलं नाही, कारण डोक्यात येऊ नये अशी मी बसण्याची जागाच निवडली होती. हा राग ना विकणाऱ्यावर काढता येतो, ना शमीमवर. शमीमने तर माझ्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे काही केलेलं नाही.

आता साडेपाच वाजले. दोन्ही क्रेट संपले. अकरा डबे झाले. गाठ मारलेली पिशवी तशीच ओट्यावर आहे.

मिलिंद म्हणाला, "उद्या मैना आली की तू तिला पपई दे, चहा दे. शमीमभाभीला सांगायची काय गरज? परत आल्यावर नवा कागद दे म्हणजे झालं."

"आणि त्या चौघी?"

"त्यांच्या मैना आहेत कशावरून? आहेत का?"

"फोटो काय भिंतीला लावायला नेला असेल?"

मी पिशवीतले खजूरही चिरले, बिया काढल्या, बाराव्या डब्यात भरले. माणसांना खायला.

शनिवार. पावणेपाचला उठले. सहाला बरक्यात पोचले तेव्हा दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि शमीम जिन्यात सुतळीने खोका बांधत होती.

"अगो, मी येनार होते ना तुझ्याकडं. तू कशाला आलीस?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर चहा आला असता. खजूर, लोह, यकृत, डॉक्टर, चहा. डॉक्टरांनी जे सांगितलं ते, त्यांनी सांगितलं त्याच क्रमाने. तिने सुतळी हातातून सोडली नाही.

"म्हंजे नूरी तुझ्या खुराकाने मेली."

"आधीपासून आजारी होती. उरलेलं मी केलं."

"आनि तुला तेव्हाच ठाव होतं."

"हो."

"चार वर्सं."

"हो."

तिने सुतळीची गाठ करकचून आवळली. "माजी सासू म्हनाली होती, पाखरू परक्याकडं ठेवू नको, जातंच. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, सुजाता परकी नाय. ती म्हातारी मरेपर्यंत मी तिला ते ऐकवलं गो. आनि तू दर शुक्रवारी हितं बसून चाय प्यालीस."

वरून इब्राहिमभाईंनी विचारलं, "कोन आलंय?" शमीमने मान वर न करता सांगितलं, "सुजाता. कागद न्यायला आलीय."

मी गल्ल्यामागे गेले. पिंजरा खाली ठेवलेला होता. आतली मैना लहान होती, पिवळे पडदे अजून आखूड. माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती. वाटीत चिरलेला खजूर, वर लिंबाची बी. मी वाटी काढून घेतली. खिळ्यावरचं पाकीट उतरवलं. पट्टीच्या रेघा अजून सरळ होत्या, लाल शाई फिकी झाली होती.

शमीम मागे येऊन उभी राहिली. तिने एक वही आणि पेन गल्ल्यावर आपटलं.

"नवा लिव. हितं. माज्यासमोर."

मी लिहिलं. ती प्रत्येक ओळ वाचत होती. चहापाशी आल्यावर म्हणाली, "किती घोट?" मी म्हटलं, "दोन. भाई द्यायचे तसे." तिने पान फाडून घेतलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं. मग पिंजरा उचलून माझ्या हातात दिला. हसली नाही.

"मैना ने. दुसरं कोन हाय हितं जूनमधे? पन आल्यावर तुझ्याकडं चाय नाय पिनार मी. सांगून ठेवते."

"बरं."

"चौघींचे नंबर लिवून घे."

गाडीत बसून एसी लावला, पिंजरा मागच्या सीटवर पट्ट्याने बांधला, आणि तिथूनच फोन केले. पहिलीच्या घरी मैना होती, तिने तीनदा विचारलं की तुम्ही कोण बोलताय. दुसरीने पोपट पाळला होता, तरी तोच खुराक देत होती. तिसरी म्हणाली की तिची मैना गेल्याच महिन्यात गेली, पोट फुगून, आणि तुमचा कागद फार चांगला होता हो ताई, आम्हीच कुठे तरी चुकलो. तिला मी सांगितलं की तुम्ही चुकला नाहीत. का, ते सांगितलं. तिने फोन ठेवला.

चौथीचा फोन बंद होता. ती खाबुऱ्याला राहते, बरक्याच्या पुढे तासाभराहून लांब, मशिदीच्या मागच्या गल्लीत, असं शमीमने नंबराखाली लिहायला सांगितलं होतं. मस्कतकडे जाणारं वळण डाव्या हाताला होतं. मी सरळ खाबुऱ्याचा रस्ता धरला.